पाणी व गाळ परीक्षणाचे आकडे : नोंद कशी ठेवावी, अर्थ कसा लावावा

— ऊस विकास अधिकारी, आर्णी गट



गळीत हंगाम संपला की गट कार्यालयात परीक्षणाचे कागद घेऊन येणाऱ्या सभासदांची वर्दळ वाढते. कोणाजवळ विहिरीच्या पाण्याचा अहवाल असतो, कोणाजवळ मातीचा, कोणी मोबाईलवर कागदाचा फोटो दाखवतो. पहिला प्रश्न ठरलेला : "साहेब, रिपोर्ट चांगला हाय ना जी?" आम्ही कागद वाचू लागतो. नमुना क्रमांक २, शेतकऱ्याचे नाव, गाव आर्णी. पुढे आकडे. ज्या कास्तकाराजवळ दोन विहिरी आणि एक बोअर आहे, त्याचा हा दोन नंबरचा नमुना कशातला? पाणी मे महिन्यातले की दिवाळीतले? पंप चालवून घेतलेले की पोहऱ्याने वरवरचे काढलेले? बहुतेक वेळा हे त्यालाही आठवत नाही. पैसे गेले, हेलपाटा झाला, आकडाही आला. पण तो कोणत्या पाण्याचा हेच हरवले.

उसाच्या बाबतीत आपण असे कधी होऊ देत नाही. गाडी काट्यावर चढली की पावतीवर सभासद क्रमांक, गाव, उसाची जात, लागवड की खोडवा, वाहन क्रमांक, तारीख आणि वजन हे सगळे येते. नुसते "अमुक टन" असे कोणी चिठ्ठीवर लिहून आणले तर ते वजन कोणाच्या खात्यावर जमा करायचे? पाण्याच्या व गाळाच्या आकड्यांचेही तसेच आहे. आकड्याला जागा, तारीख, पद्धत आणि एकक यांची पावती जोडलेली नसेल तर तो आकडा कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. प्रस्तुत लेखात ही पावती कशी ठेवावी व तिच्या आधारे आकडा कसा वाचावा, याचा विचार करावयाचा आहे.

नाल्याचा गाळ काय सांगतो?

पाण्याची तपासणी आपल्या ओळखीची आहे. नाल्याच्या गाळाची तपासणी मात्र पुष्कळांना नवी वाटेल. त्यामागचा विचार साधा आहे. पाऊस पडतो, वावरातली, धुऱ्यावरची, टेकडीवरची माती थोडी थोडी ओघळाने नाल्यात येते आणि एकमेकींत मिसळते. म्हणून नाल्याच्या पात्रातला मूठभर बारीक गाळ हा त्या जागेच्या वर असलेल्या सगळ्या पाणलोटाचा नमुना असतो. शंभर ठिकाणी खड्डे खणण्याऐवजी एका जागेचा गाळ तपासला तर वरच्या खडकांत व जमिनींत कोणती द्रव्ये आहेत याचा अंदाज येतो. जगभर खनिजे शोधण्यासाठी हीच युक्ती वापरतात.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, गाळ फक्त वरच्या भागाचे सांगतो, खालच्या भागाचे नाही. दुसरी, मध्ये धरण किंवा बंधारा आला की साखळी तुटते. आपल्या अरुणावतीचेच पाहा. दिग्रसजवळ तिच्यावर धरण आहे. धरणाच्या वरचा बराचसा गाळ जलाशयातच बसतो. तेव्हा आर्णीजवळच्या पात्रातला गाळ मुख्यत्वे धरणाच्या खालच्या भागाचा आणि मध्ये मिळणाऱ्या नाल्यांचा असणार. ही नोंद कागदावर नसेल तर परगावचा वाचणारा त्या आकड्याचा अर्थ पार मानोऱ्यापर्यंत लावून बसेल.

देशात हे काम कसे चालते?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून काम करीत आहे. तिचे मुख्यालय कोलकात्यास व मध्य विभागाचे कार्यालय नागपुरास आहे. या संस्थेने २००१ पासून देशाचे भू-रासायनिक नकाशे तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. जमिनीचे एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे चौकोन पाडतात, त्यांतून नाल्याचा गाळ घेतात, आणि चार चौकोनांचा गाळ एकत्र करून प्रयोगशाळेकडे पाठवतात. म्हणजे दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटर क्षेत्राला एक नमुना. हा गाळ इंचाला १२० छिद्रे असलेल्या चाळणीतून चाळून त्यात लोह, तांबे, जस्त, क्रोमियम अशी अनेक मूलद्रव्ये मोजतात. ही माहिती संस्थेच्या 'भूकोश' या संगणकीय भांडारातून लोकांना पाहता येते.

आता हिशेब करा. दोन बाय दोन किलोमीटर म्हणजे चार चौरस किलोमीटर, म्हणजेच ४०० हेक्टर. जवळजवळ एक हजार एकर. एवढ्या शिवाराला एक आकडा. तो आकडा खोटा नाही, पण तो शिवाराचा आहे. तुमच्या चार एकरांचा नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेतही ओलिताच्या जमिनीसाठी अडीच हेक्टरला एक व कोरडवाहूसाठी दहा हेक्टरला एक नमुना असे प्रमाण ठरवलेले होते. तेव्हा कोणताही आकडा हाती आला की पहिला प्रश्न विचारावा : हा किती जमिनीच्या वतीने बोलतो आहे?

एक मोठा धडा

अमेरिकेत १९७३ साली तेथील अणुऊर्जा आयोगाने देशातील युरेनियमचा शोध घेण्यासाठी मोठा कार्यक्रम आखला. त्याचाच भाग म्हणून १९७५ पासून नाल्यांचा गाळ आणि विहिरी-ओढ्यांचे पाणी गोळा करण्याचे काम सुरू झाले. काम चार मोठ्या प्रयोगशाळांना वाटून दिले. देशाचे ६२५ चौकोन पाडले होते. त्यांपैकी ३०७ पूर्ण झाले, ८६ अर्धवट राहिले आणि १९८०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच पैसा आटून काम थांबले.

पण धडा पुढेच आहे. चारही प्रयोगशाळांनी नमुना घेण्याची, तपासण्याची व नोंद ठेवण्याची आपापली रीत ठरवली होती. एकीने जे रकान्यात लिहिले ते दुसरीने संकेताक्षरांत लिहिले. एखादे द्रव्य उपकरणाला मोजता आले नाही तर ते दाखवण्याच्याही रीती वेगळ्या. पुढे तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला हे लाखो आकडे एका साच्यात बसवण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले. एवढ्या श्रीमंत देशाच्या जाणत्या शास्त्रज्ञांचे जर असे झाले, तर आपण गट कार्यालयात दहा गावांचे कागद दहा रीतींनी गोळा केले तर काय होईल? नमुना घेण्याआधी वही आखावी लागते, हाच तो धडा.

नमुना घेताना

पाण्याचा नमुना : विहिरीवर वा बोअरवर पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा, मग पाणी घ्यावे. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी व काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे. औषधाची रिकामी बाटली कधीही वापरू नये, कितीही धुतली तरी. फ्लोराइडसाठी काचेची बाटली घेऊ नये. लोह, जस्त यांसारखे धातू तपासावयाचे असतील तर पाणी गाळून त्यात आम्ल घालावे लागते. ते काम प्रयोगशाळेला विचारूनच करावे आणि त्यासाठी वेगळी बाटली ठेवावी. नमुना सावलीत, थंड ठेवून लवकरात लवकर पोहोचवावा. चार दिवस डिकीत तापलेल्या पाण्यातील नायट्रेटचा आकडा विश्वासाचा राहत नाही.

गाळाचा नमुना : पाऊसकाळ संपून नाल्याची धार बारीक झाली की, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा. पात्राच्या मधला, वाहत आलेला बारीक गाळ वीस-तीस पावलांच्या टापूत पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एकत्र करावा. काठाची ढासळलेली माती घेऊ नये; ती फक्त त्या काठाचे सांगते. पूल, रस्ता, गुरे धुण्याची जागा, उकिरडा यांच्या वरच्या बाजूस जावे.

भांड्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. पत्र्याच्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो. पितळी जाळीच्या चाळणीत तांबे व जस्त दोन्ही असतात. हातातले तांब्याचे कडेसुद्धा नमुन्याला लागू देऊ नये. नाहीतर जस्त बादलीचे आणि नाव वावराचे, असा प्रकार व्हायचा. लाकडी वा प्लॅस्टिकचे साहित्य व नायलॉनची चाळणी बरी.

वहीत काय लिहावे?

शंभर पानी साधी वही पुरे. प्रत्येक नमुन्यासाठी पुढील बाबी त्याच जागी, नमुना घेतल्याबरोबर लिहाव्यात. घरी आल्यावर आठवून लिहिलेली नोंद नोंद नव्हे.

१. नमुना क्रमांक. तो कधीही दुसऱ्यांदा वापरू नये. क्रमांक बाटलीवर व वहीत एकच असावा. बुचावर लिहू नये, कारण बुचे बदलतात.

२. गाव, गट नंबर आणि विहीर, बोअर, कालवा की नाला. मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात. ते दशांशाच्या पुढे चार अंकांपर्यंत लिहावेत. दोनच अंक लिहिले तर जागा किलोमीटरभर इकडची तिकडे होऊ शकते.

३. तारीख व वेळ, आणि आठवडाभरात पाऊस पडला असल्यास तसे.

४. विहिरीची खोली व त्या दिवशीची पाण्याची पातळी.

५. आजूबाजूस काय आहे : शेणखताचा खड्डा, गावचे सांडपाणी, वीटभट्टी, नुकताच दिलेला खताचा हप्ता.

६. नमुना घेणाऱ्याचे नाव, प्रयोगशाळेचे नाव व अहवालाची तारीख.

७. प्रत्येक आकड्याचे एकक आणि तपासणीची पद्धत, जशी अहवालात छापली असेल तशी.

गावाने मिळून दहा-वीस नमुने पाठवायचे असतील तर त्यांत एक जोड नमुना अवश्य घालावा. म्हणजे एकाच विहिरीचे पाणी दोन बाटल्यांत भरून, दोन वेगळे क्रमांक देऊन पाठवावे. दोन्हींचे आकडे जवळपास आले तर बाकीच्या आकड्यांवर विसंबता येते. खूप फरक पडला तर आपल्या भरण्यात किंवा त्यांच्या मोजण्यात कुठेतरी गडबड आहे असे समजावे. ब्रिक्स पाहताना आपण एकाच उसावर निकाल देतो काय? तसेच हे.

आकडे वाचताना होणारे घोटाळे

एककाचा घोटाळा : पाण्यातील क्षारता, म्हणजे ई.सी., एका अहवालात ०.७५ येते तर दुसऱ्यात ७५०. सभासद घाबरतो. प्रत्यक्षात ०.७५ डेसिसायमन प्रति मीटर आणि ७५० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर हे एकच. नायट्रेटचे त्याहून वाईट. काही प्रयोगशाळा नायट्रेट मोजून लिहितात, काही त्यातला फक्त नायट्रोजन. नायट्रोजन म्हणून लिहिलेले लिटरला १० मिलिग्रॅम म्हणजे नायट्रेट म्हणून सुमारे ४४ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमची आहे. एकच पाणी एका कागदावर निर्धोक दिसेल आणि दुसऱ्यावर काठावरचे.

शून्याचा घोटाळा : अहवालात '०.१ पेक्षा कमी' असे असते. आपण वहीत उतरवताना शून्य लिहून टाकतो. उपकरणाला ०.१ च्या खाली दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ. द्रव्य नाहीच असा नाही. पुढच्या वर्षी बारीक मोजणाऱ्या उपकरणाने ०.०८ आले की "शून्याचे वाढले" म्हणून बोंब होते. सबब, जसे छापले तसेच उतरवावे. आणि तपासलेच नसेल तर रकाना रिकामा न ठेवता 'तपासले नाही' असे लिहावे.

एकूण व उपलब्ध यांचा घोटाळा : हा उसाच्या दृष्टीने सर्वांत महागाचा. आपल्या भागातील काळी जमीन बेसॉल्टच्या काळ्या खडकापासून झालेली. या खडकात लोह तर भरपूर असतेच, तांबे व जस्तही ग्रॅनाइटच्या मानाने जास्त असते. त्यामुळे येथल्या गाळात किलोला १०० मिलिग्रॅमच्या आसपास जस्त वा तांबे निघाले तर ते प्रदूषण समजून घाबरण्याचे कारण नाही. तो येथल्या खडकाचा स्वभाव आहे. पण तोच आकडा पाहून "जमिनीत जस्त रग्गड आहे, झिंक सल्फेट कशाला?" असे म्हणणेही चूक. गाळात मोजतात ते एकूण जस्त. मुळांना मिळते ते उपलब्ध जस्त, आणि ते वेगळ्या पद्धतीने मोजतात. डी.टी.पी.ए. पद्धतीने उपलब्ध जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आले तर कमतरता समजतात. चुनखडीच्या जमिनीत कोठार भरलेले पण कुलूप लागलेले, अशी स्थिती असते. उसावर केवडा पडतो तेव्हाही जमिनीत लोह नसते असे नव्हे. ते पिकाच्या हाती लागत नाही.

माती परीक्षणात कमतरता निघाल्यास हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट व २० किलो झिंक सल्फेट, दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात पाच-सहा दिवस मुरवून द्यावे. कमतरता निघाली नसेल तर देऊ नये. म्हणजे योग्य तो कागद वाचला तर खताचा पैसा वाचतो आणि भलताच कागद वाचला तर ऊस पिवळा पडतो.

सरासरीचा घोटाळा : आणि हा माणसांच्या दृष्टीने सर्वांत महागाचा. उदाहरणादाखल समजा, एका वाडीतील पाच विहिरींत फ्लोराइड लिटरला ०.४, ०.५, ०.५, ०.६ आणि ३.० मिलिग्रॅम निघाले. बेरीज पाच, सरासरी एक. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे. म्हणजे सरासरीच्या कागदावर ही वाडी सुरक्षित! पण पाचव्या विहिरीवरचे कुटुंब रोज दुप्पट फ्लोराइड पिते आहे. त्यांच्या लेकरांच्या दातांवर डाग पडतील, पुढे हाडे धरतील, आणि कागद मात्र "सर्व ठीक" म्हणेल. अशा वेळी आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा पाहावा. येथे तो ०.५ आहे, वाडीचे पाणी साधारणपणे चांगले आहे हे तो सांगतो. आणि मग शेवटचा आकडा बोट ठेवून वेगळा वाचावा, कारण तो एका घराचा आहे.

हे उदाहरण उगाच घेतलेले नाही. आपल्याच यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील पांढरकवडा भागात भूजलात फ्लोराइड असल्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही; उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. ज्या बोअरवर उसाचे ओलीत चालते त्याच बोअरचे पाणी तोडणी कामगारांच्या टोळ्या व आपली सालदार मंडळी पितात, हेही विसरू नये. तेव्हा नवीन बोअर लागला की उसासाठी ई.सी. तपासताना पिण्यासाठी फ्लोराइड व नायट्रेटही तपासून घ्यावे.

वर एक, खाली एक

नाल्याच्या पाण्यावरून गावागावांत वाद होतात. कोणी गावच्या गटाराला दोष देतो, कोणी वरच्या वावरातील खताला, कोणी कारखान्याच्या सांडपाण्याला. आमचे म्हणणे असे की वादाआधी दोन नमुने घ्यावेत : संशयित जागेच्या वर एक आणि खाली एक, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने. नुसता खालचा नमुना कितीही वाईट आला तरी तो कोणामुळे हे सिद्ध होत नाही; वरचे पाणीही तसेच असू शकते. आमच्या कारखान्यालाही हाच नियम लागू आहे. दोष असेल तर तो दिसावा, नसेल तर तेही दिसावे. आणि त्यासाठी आज, सगळे ठीक असतानाचा आकडा वहीत असला पाहिजे. घरात पाणी शिरल्यावर पूररेषा आखून काय उपयोग?

आता काय करावे?

प्रत्येक सभासदाने विहिरीची व बोअरची वही आजच सुरू करावी. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर व ऑक्टोबरमध्ये पाऊसकाळ संपल्यावर, त्याच जागेचे पाणी तपासावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते, ती याच कारणाने. एकदाचा आकडा म्हणजे फोटो. चार-पाच वर्षांचे आकडे ओळीने लिहिले की मग पाण्याची चाल समजते. क्षार वाढत चालले असतील तर ते जमीन चोपण होण्याआधी कळते. गाळाचा नमुना प्रत्येकाने घ्यावा असे नाही. गावाने मिळून नाल्यावर दोन-तीन कायमच्या जागा ठरवाव्यात आणि तेथे दगडावर रंगाने खूण करावी.

जुने अहवाल फेकू नयेत. ज्यांवर जागा व तारीख आठवते ती आजच शाईने लिहावी आणि पुढे 'आठवणीने लिहिले' असे नमूद करावे. ज्यांचे काहीच आठवत नाही ते वेगळ्या पिशवीत ठेवावेत. त्यांवरून खताचा वा पाण्याचा निर्णय करू नये. नवीन नमुना घेण्यापूर्वी गट कार्यालयात यावे. वही कशी आखावी ते आमचे कर्मचारी दाखवतील व तुमच्या नोंदीची एक प्रत गटाच्या नोंदवहीत ठेवतील. त्यामुळे शेजारच्या शिवाराशी ताडून पाहता येईल.

जमीन व पाणी पुढच्या पिढीच्या हाती देताना सातबारा आपण जपून देतो. त्यासोबत ही वहीही द्यावी, अशी सर्व सभासदांस विनंती आहे.